माळ्यावरची पेटी

गेल्या वैशाखांत वाईच्या आमच्या जुन्या घराचा माळा मोकळा करावा लागला. तुळईला वाळवी लागली होती आणि पावसाळ्यापूर्वीं ती बदलली नाहीं तर माजघर खालीं बसेल, असें सुतारानें स्पष्ट सांगितलें. त्या निमित्तानें मुंबई, पुणें, नाशिक येथें पांगलेलीं आम्ही सहा चुलत भावंडें बऱ्याच वर्षांनीं एका पंगतीस बसलों. माळ्यावरून जें निघालें त्यांत दोन मोडके पाळणे होते, एक कान तुटलेली घागर होती, आणि सर्वांत मागें पणजोबांची शिसवी पेटी होती. कुलूप होतें, किल्ली नव्हती. कुलूप तोडलें तेव्हां आंत तांबड्या खारव्यांत बांधलेले अकरा रुमाल निघाले.

'रुमाल' हा शब्द ऐकून आमच्या नातवंडांनीं खिशांत हात घातले, म्हणून थोडा खुलासा करतों. दप्तरखान्यांतील रुमाल म्हणजे कागद बांधावयाचें चौकोनी फडकें, आणि लक्षणेनें त्यांत बांधलेलें गाठोडेंच. मराठी राज्याचा जमाखर्च, तहनामे, निवाडे, पत्रव्यवहार हें सारें अशाच रुमालांत बांधून ठेवलें जाई. १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां इंग्रजांनीं पुण्याचें दप्तर ताब्यांत घेतलें, तें कांहीं इतिहासाच्या आवडीनें नव्हे. सारा किती, सूट किती, कोणाचें इनाम खरें आणि कोणाचें खोटें, हें ठरविण्यास त्यांना तें हवें होतें. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. मग याच कागदांच्या आधारें घराण्यांमागून घराण्यांच्या सनदा तपासल्या गेल्या आणि पुष्कळांचीं इनामें गेलीं. १८९१ सालीं या दप्तरासाठीं पुण्यांत जी दगडी इमारत बांधली ती आजहि उभी आहे. तेथें तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत, आणि सुट्या कागदांची मोजदाद कोटींत करावी लागते.

या अरण्यांत शिरून वाट पाडण्याचें काम गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं केलें. बडोद्याची नोकरी आटोपून ते कामशेतला राहावयास आले होते. वयाची साठी उलटून गेल्यावर त्यांनीं पेशवे दप्तरांतील निवडक कागद छापण्याचें अंगावर घेतलें आणि १९३० पासून चार-पांच वर्षांत पंचेचाळीस खंड बाहेर काढले. (मजसारख्या साठी उलटलेल्या माणसास हा आंकडा वाचून प्रथम लाज वाटते, मग थोडा धीर येतो.) एवढें छापूनहि दप्तराचा अगदीं लहानसा अंशच उजेडांत आला.

परंतु सरकारी दप्तर म्हणजे कारभाराची एक बाजू. दुसरी बाजू घराघरांतील माळ्यांवर, कोनाड्यांत आणि देवघराच्या फडताळांत पडलेली होती. ती गोळा करण्यासाठीं विश्वनाथ काशीनाथ राजवाडे गांवोगांव हिंडले. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड त्यांनीं १८९८ सालीं काढला. पानिपताच्या प्रसंगापर्यंतचीं पत्रें त्यांत आहेत, आणि तीं आमच्याच वाईंत एका घराण्याकडे मिळालीं, याचा आम्हां वाईकरांस अजून अभिमान आहे. पुढें या मालेचे बावीस खंड झाले. १९१० सालीं खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या सहाय्यानें त्यांनीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापिलें. १९२६ च्या अखेरीस धुळ्यास त्यांचा अंत झाला, आणि त्यांचे स्वतःचे कागद सांभाळण्यासाठीं तेथेंच त्यांच्या नांवाचें मंडळ निघालें. ज्यानें जन्मभर दुसऱ्यांचे कागद जपले त्याचे कागद जपणारा कोणी तरी निघाला, ही समाधानाचीच गोष्ट म्हणावयाची.

राजवाड्यांना कागद सहजासहजीं मिळत नसत. ज्या घरानें एकदां इनाम कमिशनचा अनुभव घेतला त्याला कागद परक्याच्या हातीं देण्याचा धसका बसला, तर नवल नाहीं. दुसरीकडे, मोडी वाचणारें माणूस घरांत उरलें नाहीं कीं त्याच कागदांच्या पुड्या बांधल्या जात. लपवून ठेवणें आणि रद्दींत घालणें या दोन टोंकांमध्यें जें तगून राहिलें त्यावर आपला इतिहास उभा आहे. वाईपासून कोसाभरावर मेणवलीस नाना फडणविसांचा वाडा आहे; तेथील दप्तर तगलें आणि आज तें पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आहे. ज्या शाळेंत मी तीस वर्षें संस्कृत शिकविलें (नांव सांगत नाहीं) तिच्या पहिल्या पन्नास वर्षांच्या सभांचीं इतिवृत्तें मात्र भिंतींना रंग देण्याच्या वेळीं रद्दीवाल्याकडे गेलीं. किलोच्या भावानें. मी त्या दिवशीं रजेवर होतों.

तेव्हां पेटी उघडल्यावर ती पुण्याच्या एका संग्रहास द्यावी, असें मीं सुचविलें आणि तें सर्वांना पटलें. तेथून एक तरुण बाई पाहणीस आल्या. त्यांनीं पहिल्याच दिवशीं आमच्या थोरल्या दादांना दोन गोष्टींपासून परावृत्त केलें. दादा कागद प्लॅस्टिकमध्यें लॅमिनेट करून घेणार होते. त्या म्हणाल्या कीं, असा कागद पुन्हां कधींहि सोडवितां येत नाहीं आणि आंतल्या आंत खराब होत जातो. दुसरें म्हणजे, दादांनीं विषयवार गठ्ठे लावावयास घेतले होते: घरचीं पत्रें एकीकडे, जमाखर्च दुसरीकडे, संस्थेचे कागद तिसरीकडे. त्यावर त्या बाई म्हणाल्या, "रुमाल ज्या क्रमानें बांधला आहे त्याच क्रमानें राहूं द्या. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं होता, ही सुद्धां माहितीच असते."

मला हें वाक्य त्या वेळीं पांडित्याचें वाटलें. दोन दिवसांनीं सातवा रुमाल सोडला तेव्हां त्याचा अर्थ कळला.

आमचे पणजोबा मुनसफाच्या कचेरींत कारकून होते आणि गांवच्या वाचनालयाचे चिटणीस होते. सातव्या रुमालांत वाचनालयाच्या सभांची एक वही होती. तींत १९०७ च्या एका सभेचा वृत्तांत आहे: स्त्रीशिक्षणावर व्याख्यान झालें, अनुकूल ठराव झाला, ठरावास चिटणिसांनीं अनुमोदन दिलें. खालीं पणजोबांची वळणदार सही. तिच्याखालीं घरखर्चाची वही होती. तींत हिंगण्यास अण्णासाहेब कर्व्यांच्या आश्रमाला दरसाल पांच रुपये पाठविल्याची नोंद लागोपाठ नऊ वर्षें सांपडते. कारकुनाच्या प्राप्तींतून पांच रुपये ही लहान रक्कम नव्हे. आम्हां सर्वांची छाती फुगली. आणि त्या वहीच्या पुठ्ठ्यांत खोंचलेलीं चार पत्रें निघालीं.

पणजोबांचे कागद मोडींत असल्यामुळें आमच्यापैकीं कोणास धड वाचतां येत नव्हते. हीं चार पत्रें बाळबोध होतीं. पणजोबांच्या धाकट्या बहिणीनें कोंकणांतील सासरघरून लिहिलेलीं, १९०८ ते १९१० मधलीं. ती एकोणिसाव्या वर्षीं विधवा झाली होती. पहिल्या पत्रांत तिनें मला हिंगण्यास पाठवावें अशी विनंती केली आहे. लहानपणीं तुम्हींच अक्षर गिरवून घेतलें, आतां तेवढ्यावर थांबवूं नये, असें लिहिलें आहे. दुसऱ्यांत तीच विनंती, अधिक हात जोडून. तिसऱ्यावरून कळतें कीं भावाचें उत्तर आलें होतें, आणि लोक काय म्हणतील, सासरच्यांस काय वाटेल, घरांत अजून दोन मुलींचीं लग्नें व्हावयाचीं आहेत, असा त्याचा आशय होता. चौथ्या पत्रांत तो विषयच नाहीं. पावसाची चौकशी, मुलांना आशीर्वाद, आणि वाचून झालेलीं जुनीं मासिकें कोणी येणारें असल्यास त्याच्याबरोबर पाठवावीं, एवढेंच मागणें.

तीं पत्रें वाचून झाल्यावर माजघरांत कोणी बोलेना. मग दादा म्हणाले, "पेटी द्यावयाची तर देऊं. पण हीं चार पत्रें घरांत राहूं द्या. नांवाजलेला माणूस होता. शंभर वर्षांनीं त्याची अब्रू चव्हाट्यावर कशाला?" दादांचें म्हणणें अगदींच वावगें होतें असें मला वाटत नाहीं. घरचें घरांत ठेवावें, हा संस्कार आम्हां सर्वांचाच आहे. शिवाय पणजोबांचा काळ लक्षांत घेतला पाहिजे. ज्यानें पुनर्विवाह केला त्या कर्व्यांना त्यांच्या गांवीं वाळींत टाकलें होतें. मी स्वतः त्या जागीं असतों तर काय केलें असतें, हें छातीवर हात ठेवून सांगवत नाहीं. संग्रहास पत्रें देऊन तीं अमुक वर्षें कोणास दाखवूं नयेत अशी अट घालतां येते, असें त्या बाईंनीं सांगितलें होतें. मी तो मधला मार्ग सुचविला.

थोरल्या काकू खांबाला टेंकून बसल्या होत्या. त्यांचें वय आज अठ्याऐंशी आहे. लग्न होऊन त्या या घरांत आल्या तेव्हां तीच आत्याबाई सासरहून परत येऊन येथें राहात होती. पांढरें लुगडें, डोळ्यांना जाड भिंगें. काकू माहेरीं दुसरी इयत्तेपर्यंत शिकलेल्या. दुपारीं भांडींकुंडीं आवरल्यावर आत्याबाईनें त्यांना मागच्या पडवींत पाटी देऊन बसविलें आणि चार वर्षांत फायनलच्या परीक्षेस पाठविलें. हें आम्हां कोणास ठाऊक नव्हतें. काकू शिकलेल्या आहेत, एवढें ठाऊक होतें.

"काकू, तुम्हांला काय वाटतें?" दादांनीं विचारलें.

"अरे, तिचीं पत्रें काढून घेतलींत तर पेटींत उरतें काय?" काकू म्हणाल्या. "चिटणिसाची सही. ती तर वाचनालयाच्या भिंतीवरहि आहे. आणि अट कसली घालतां? तिला जन्मभर झांकून ठेवलें तें पुरें झालें."

दादा उठून अंगणांत गेले. रात्रीं जेवतांना तो विषय निघाला नाहीं. सकाळीं आम्ही अकराहि रुमाल जसे होते तसे बांधले, प्रत्येक कागदाचें मोबाईलवर छायाचित्र घेतलें, आणि दानपत्रावर सहा जणांनीं सह्या केल्या. दादांची सही तिसरी आहे.

मागील आठवड्यांत संग्रहाकडून यादी आली. सातव्या रुमालाखालीं वही, वही, आणि मग 'पत्रें चार, बाळबोध, बहिणीचीं भावास' अशी नोंद आहे. पत्र लिहिणारीचें नांव या रकान्यांत सासरचें नांव आहे. माहेरचें नांव ठाऊक असल्यास कळवावें, अशी बाजूस टीप आहे. दादांचा परवां फोन आला होता. त्यांनीं नाशिकच्या उपाध्यायांकडील वंशावळीच्या वह्या पाहिल्या, पण त्यांत मुलींचीं नांवें नाहींत. काकूंना विचारलें, तर त्या म्हणाल्या, "आम्ही आत्याबाईच म्हणत असूं." दादा आतां कोंकणांत जाऊन येणार आहेत.