भिंतीला भिंत बांधली पाहिजे

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून माणसे नुकतीच झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली. किल्लारीबरोबर आपल्या जिल्ह्यातील, तेव्हाच्या उमरगा तालुक्यातील सास्तूर, होळी, राजेगाव ही गावेही जमीनदोस्त झाली. खरे सांगायचे तर माणसे भूकंपाने नव्हे, घरांनी मारली. दोन-अडीच फुटांची दगडी भिंत दिसायला भक्कम. पण आत दोन वेगळ्या थरांमध्ये माती नि खडी भरलेली, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच. हादरा बसताच थर सुटले आणि मातीचे जड माळवद अंगावर आले.

पुनर्वसनाच्या घरांत हा धडा गिरवला गेला. भिंतींभोवती सिमेंट काँक्रीटची पट्टी आणि कोपऱ्यात उभी सळई आली. २००२ च्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातून काढून तिसऱ्या पट्ट्यात घातला गेला.

पण आता काय चालले आहे? कुटुंब वाढले, की जुन्या भिंतीला लागून ब्लॉकची खोली उभी राहते. सांध्यावर प्लास्टर फिरवले, की गवंडी मोकळा! वर्षभरात तिथे उभी भेग पडते. ती भेग म्हणजे नुसता रंगाचा खर्च नव्हे, दोन्ही भिंती सुट्या असल्याची ती खूण आहे.

शेतकरी बांधवांनी एवढे ध्यानात घ्यावे. जुनी भिंत सिमेंटच्या बांधकामाची असेल, तर सांध्यावरचे प्लास्टर काढून दाते पाडावेत, जुन्या पट्टीची सळई उघडी करून नवी सळई तिला निदान दोन फूट लपेटून बांधावी. जुनी भिंत माती-दगडाची असेल, तर तिच्यावर नवे छत टेकवू नये; थोडी फट सोडून नवी खोली आपल्या चार कोपऱ्यांवर स्वतंत्र उभी करावी. अर्धवट जोड सर्वांत वाईट. पट्टीतली सळई कोपऱ्यात तोडू नये, वळवून पुढच्या भिंतीत न्यावी. कोपऱ्यातली उभी सळई पायापासून छतापर्यंत अखंड हवी आणि तिच्याभोवती काँक्रीट ठासून भरावे. दार-खिडकी कोपऱ्याला चिकटवू नये. आणि आठवडाभर पाणी मारायला कंटाळू नये.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि घरकुलाचे अभियंते यांनाही आमचे सांगणे आहे. जोत्याचा, लिंटलचा फोटो काढून हप्ता सोडता. तसे काँक्रीट ओतण्याआधी सळईही पाहा. एकदा काँक्रीट पडले, की आत काय आहे ते कोणालाच दिसत नाही.

घराच्या एकूण खर्चात चार सळया नि पट्टीचा खर्च फार नाही. सास्तूरच्या ढिगाऱ्यातून ज्यांनी आपली माणसे उपसून काढली, त्यांना तो कधीच जड वाटणार नाही. पुढच्यास ठेच लागली आहे. मागच्याने शहाणे व्हायचे की नाही, एवढेच उरले आहे.