विश्लेषण : विजेचा इशारा मिळाला, पण आसरा कुठे?

उन्हाळ्यात जमीन तापते, समुद्रावरून दमट वारे येतात आणि दुपारनंतर ढग झपाट्याने उंच वाढतात. अशा वादळी पावसाला बंगालमध्ये कालबैसाखी म्हणतात, आपल्याकडे वळीव. दोन्हीकडे मोठा धोका विजेचा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशभरात वीज पडून २,८८७ जणांचा मृत्यू झाला. पुण्याच्या ‘आयआयटीएम’चे ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजांचा इशारा देते. पण उघड्या शिवारातल्या मजुराने जायचे कुठे? झाडाखाली थांबणे जिवावर बेतते, उघडी पत्र्याची शेडही सुरक्षित नाही. त्यामुळे इशाऱ्याइतकाच जवळ पक्का निवारा हवा आणि मजुरी न कापता काम थांबवण्याची मुभाही. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा.