‘येतं की मला!’

आपल्या मराठी माणसाला बर्फ भेटतो तीन ठिकाणी. उसाच्या रसात, गोळेवाल्याकडे आणि हनिमूनला मनालीत, भाड्याचे गमबूट घालून फोटो काढण्यापुरता. अशा माणसाने दोन्ही पाय एका फळीला बांधून आल्प्सच्या डोंगरावरून घसरायचं म्हणजे... बॉस, विषयच सोडा! पण मी घसरलो. आणि घसरण्याआधी खोटं बोललो. तीच गोष्ट सांगतोय.

बायको दोन हिवाळे जिनिव्हात नोकरी करतेय. मी मागाहून पोचलो, सहा महिन्यांपूर्वी. लाँग वीकेंड आला तसं ती म्हणाली, ‘‘चल, आव्होरियाजला जाऊ.’’ गाडीने दीड-दोन तासांवर, फ्रान्समध्ये, १८०० मीटर उंचीवरचं हे रिसॉर्ट. १९६०च्या ऑलिम्पिकमध्ये डाउनहिल स्कीइंगचं गोल्ड जिंकलेल्या जाँ व्हुआर्नेच्या डोक्यातून निघालेलं. गावात गाड्यांना बंदी! गाडी बाहेर लावायची आणि बॅगा घेऊन चक्क घोड्याच्या स्लेजमध्ये बसायचं. मी तर तिथेच फिदा.

भाड्याने बोर्ड देणाऱ्या दुकानात एक फॉर्म होता. उंची, वजन, बुटाचा नंबर. आणि शेवटी तीन चौकोन: बिगिनर, इंटरमीडिएट, एक्स्पर्ट. बायकोने मधल्यावर टिक केली. माझा एकूण अनुभव एका दुपारचा, त्यातला अर्धा वेळ बसून. पण काउंटरमागे पोरगी उभी, शेजारी बायको. मीही मधल्यावर टिक मारली.

‘‘येतं तुला?’’ बायको.

‘‘येतं की!’’

आपण सगळे हेच करतो ना? रेझ्युमेत ‘एक्सेल: एक्स्पर्ट’ लिहितो आणि इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री पिव्होट टेबल शोधत बसतो. फरक एवढाच, की एक्सेल तोंडावर आपटत नाही.

फ्रान्समध्ये उतारांना रंग असतात. हिरवा सगळ्यात सोपा, मग निळा, मग लाल, आणि काळा म्हणजे ‘घरी सांगून आलात ना?’ बायको निळ्यावरून मस्त डुलत निघाली. मी मागे. स्नोबोर्डचा फंडा असा, की तुम्ही आडवे उभे असता आणि बोर्डाच्या दोनपैकी एकाच कडेवर भार टाकायचा असतो, टाचेकडच्या किंवा चवड्याकडच्या. चुकून उताराकडची कड बर्फात रुतली की खेळ खल्लास. पडताना कळतही नाही, थेट पडल्यावरच कळतं. मी पहिल्या वळणावर पाठीवर, दुसऱ्यावर तोंडावर. तिसऱ्यावर हात टेकला आणि मनगटातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. नवशिक्यांची मनगटंच आधी जातात, म्हणून त्यांना रिस्ट गार्ड घालायला सांगतात. इंटरमीडिएटवाल्याला कोण सांगणार?

दर वळणावर बायको थांबलेली. गोठत. दुपारी ती शांतपणे म्हणाली, ‘‘अरे, तुला येत नाही हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. तू खोटं का बोललास, ते कळत नाहीये. माझा पूर्ण दिवस गेला.’’

आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं. रात्री फॉन्ड्यूचं भांडं मध्ये आणि दोघंही गप्प. सुजलेलं मनगट मी टेबलाखाली लपवून ठेवलेलं.

सकाळी एकटाच दुकानात गेलो. ‘‘बिगिनर,’’ म्हटलं. तिने काही न बोलता मऊ, जास्त वाकणारा बोर्ड दिला. त्यावर चुका माफ होतात म्हणे. रिस्ट गार्डही घेतले. नशीब, मनगट नुसतंच मुरगळलं होतं.

क्लासमध्ये आम्ही मोठे पाच जण. शेजारून पाच-सहा वर्षांची हेल्मेटवाली पोरं सुर्रकन जात होती. इन्स्ट्रक्टरने आम्हाला झाडावरून गळणारं पान व्हायला सांगितलं. एकाच कडेवर राहून डावीकडे तरंगायचं, मग उजवीकडे, असं हेलकावे खात खाली यायचं. वळायचंच नाही. पडलात तर मुठी मिटून पडा. दोन तास मी पिंपळाचं पान होतो. आणि सांगू? पहिल्यांदाच मजा आली. कुणी थांबलेलं नव्हतं ना माझ्यासाठी!

बायको तिच्या ऑफिसातल्या एका एक्स्पर्ट मैत्रिणीबरोबर गेली होती. आधी ‘स्टॅश’मध्ये. तिथे जंगलातल्या झाडांमधून वाट काढायची, लाकडी ओंडक्यांवरून घसरायचं. सोप्या वाटा वेगळ्या, अवघड वेगळ्या, ज्याची त्याने निवडायची. मग त्या गेल्या शाव्हानेतला. फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमेवरचा तो प्रसिद्ध उतार, ज्याला सगळे ‘स्विस वॉल’ म्हणतात. सुरुवातीलाच इतका खडा, की काठावर उभं राहिलं तरी खालचा उतार दिसत नाही.

‘‘मग? उतरलीस?’’ संध्याकाळी मी विचारलं.

‘‘छे! वाकून पाहिलं आणि म्हटलं, मला नाही जमणार. ती गेली खाली, मी आल्या बाजूने परत.’’ इतक्या सहज! जणू चहात साखर नको म्हणावं.

मी टेबलावर मनगट ठेवलं. ‘‘दुखतंय,’’ म्हटलं.

‘‘माहितीये,’’ ती म्हणाली आणि पर्समधून क्रेप बँडेज काढलं. कालच घेऊन ठेवलं होतं तिने!

शेवटच्या दिवशी आम्ही एक हिरवा उतार एकत्र उतरलो. ती पाच मिनिटांत, मी वीस. तीनदा पडलो. पण ती खाली कॉफी पीत आरामात बसली होती, कारण किती वेळ लागेल ते मी आधीच सांगितलं होतं.

तेव्हा दोस्तहो, आल्प्सला जा, जरूर जा. तिथे हिरव्यापासून काळ्यापर्यंत सगळ्यांची सोय आहे. फक्त फॉर्मवरची टिक खरी मारा. डोंगराला इंग्लिश, फ्रेंच, मराठी काहीच कळत नाही, पण थापा बरोब्बर कळतात.

सोमवारी बॉसने विचारलं, ‘‘हे नवीन टूल येतं ना तुला?’’

तोंडावर ‘येतं की’ आलंच होतं. मनगटाकडे नजर गेली.

‘‘नाही येत,’’ म्हटलं. ‘‘दोन आठवडे द्या.’’

त्याने दिले, राव!