इतिहास घेऊन काय करणार?

‘मुलगी काय करते हो तुमची?’
‘बी.ए. करतेय. इतिहास घेऊन.’
‘अच्छा... मग स्थळं बघताय वाटतं?’

हा संवाद आपल्यापैकी किती जणींनी ऐकला असेल! सायन्सला गेलेल्या मुलीबद्दल असं लगेच कुणी विचारत नाही. इतिहास घेतलेली मुलगी मात्र लग्न ठरेपर्यंत वेळ काढतेय, असा सरळ हिशेब. वाईट याचं वाटतं, की हळूहळू तिलाही तो पटायला लागतो. फार तर बी.एड. कर, नाही तर एमपीएससीला बस, यापलीकडे तिला कुणी काही सांगत नाही. वाटा दोन्ही चांगल्याच, पण तिथली गर्दी आपण जाणतोच.

म्हणून मैत्रिणींनो, आज एका कमी गर्दीच्या वाटेबद्दल. मोडी लिपीच्या.

2023 साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि ठिकठिकाणच्या कचेऱ्यांतली जुनी दप्तरं उघडली. जन्म-मृत्यूच्या नोंदींची कोतवाल बुकं, महसुलाचे कागद, त्यातलं बरंचसं मोडीत. आता वाचणार कोण? मोडी येणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. आपल्या पणजोबांना जी लिपी शाळेत शिकवत, ती वाचायला माणूस मिळेना!

आणि हे काम तेवढ्यापुरतं नाही. जमिनीचे वाद, वारसाहक्क, देवस्थानांच्या सनदा, अशा कितीतरी गोष्टी जुन्या मोडी कागदांपाशी येऊन अडतात. पुण्याच्या पेशवे दफ्तरात तर कापडात बांधलेले हजारो रुमाल आहेत. 1930च्या दशकात गो. स. सरदेसायांनी त्यातले निवडक कागद 45 खंडांत छापले, पण न वाचलेला ढीग त्याहून कितीतरी मोठा.

शिकायचं कुठे? पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ, राज्याचं पुराभिलेख संचालनालय अशा संस्था मोडीचे वर्ग घेतात. अक्षरं लवकर कळतात. खरी कसोटी पुढे. शब्द सुटे लिहिलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घ पाळलेलं नसतं आणि प्रत्येक कारकुनाचं वळण निराळं. रोज एक पान वाचायचं, हाच उपाय. इथे इतिहासाच्या मुलीचं पारडं जड होतं. नुसती अक्षरं लागून भागत नाही. वतन म्हणजे काय, जमाबंदी कशाची, फसली सनाचा इसवी सन कसा काढायचा, हे ठाऊक असेल तरच कागद बोलतो.

खोटी आशा मात्र दाखवायची नाही. खासगी कामात पानाप्रमाणे पैसे मिळतात, महिन्याचा बांधलेला पगार नाही. संग्रहालयात किंवा अभिलेखागारात कायम नोकरी हवी, तर पुढचं शिक्षण घ्यावंच लागेल. मोबाइलवर कागदाचे फोटो मागवून घरबसल्या काम होतं, पण घरबसल्या म्हणजे फुकट नव्हे. ‘जरा एवढं वाचून दे गं’ म्हणणारे नातेवाईक हमखास निघतील. दर आधी सांगावा.

मोडीत मन रमत नसेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पुरातत्त्वात एम.ए. करता येतं. 2025 मध्ये युनेस्कोने मराठ्यांचे 12 किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले 11 आपल्या राज्यात. तिथे येणाऱ्यांना दंतकथा न ऐकवता खरा इतिहास सांगणाऱ्या मुली का नसाव्यात?

अडचण बहुतेकदा घरातच असते. पुण्याला वर्गाला जायचं म्हटलं, की ‘एकटी कशी राहणार?’ लग्नाच्या खरेदीला मात्र चार खेपा होतात. त्यातली एक खेप या वर्गाची चौकशी करायला व्हायला काय हरकत आहे?

तोवर माळ्यावरची ती जुनी पत्र्याची ट्रंक खाली काढा. पणजोबांचा एखादा मोडी कागद निघाला तर लेकीच्या हाती द्या. लॅमिनेशन तेवढं करू नका, जुना कागद त्याने खराब होतो.