पडलेला स्वार आणि बुजलेली घोडी



आटपाडी तालुक्यातील एका भगिनीचे पत्र माझ्यासमोर आहे. घर मेंढपाळाचे, जोडीला थोडी कोरडवाहू जमीन. दिवाळी झाली की वाडा पश्चिमेकडे निघतो. बिऱ्हाड वाहायला एक कुमैत घोडी आहे. पाठीवर ओझे नसेल तेव्हा त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा तिच्यावर बसून पुढे जाई आणि चारा-पाणी पाहून येई. गेल्या हंगामात ओढ्यावरच्या लहान पुलाशी वाऱ्याने प्लॅस्टिकचा कागद फडफडला. घोडी बुजून बाजूला उडाली, मुलगा पडला आणि त्याचे मनगट मोडले. हाड जुळून चार महिने झाले. तो दुसऱ्यांच्या घोड्यावर बसतो, पण या घोडीजवळ गेला की त्याचे हात थरथरतात.

आजोबा म्हणतात, घोडीच्या अंगावरचा भोवरा वाईट आहे, बाजार दाखवा. वडील म्हणतात, पोरगं भित्रं निघालं, एकदा बांधून बसवा म्हणजे भीती मोडेल. पोरगा म्हणतो, यंदा मी वाड्याबरोबर येतच नाही. ताई शेवटी विचारतात, "साहेब, चूक घोडीची की पोराची?"

ताई, चूक दोघांचीही नाही. दोघेही एकाच वेळी भ्यालेले आहेत आणि एकमेकांना भिववीत आहेत. ही गाठ सुटणारी आहे. मी शेतीचा पदवीधर, जनावरांचा डॉक्टर नव्हे. म्हणून दुखण्याखुपण्याच्या बाबी आपल्या पशुवैद्यकीय दवाखान्यातूनच तपासून घ्याव्यात. बाकी जे सांगतो ते क्रमाने करावे.

भीती म्हणजे भित्रेपणा नव्हे

ज्या बांधावर फुरसे निघाले त्या बांधावर माणूस पुढे वर्षभर जपून पाय टाकतो. त्याला कोणी भित्रा म्हणत नाही. दुधाने तोंड पोळले की ताकही फुंकून प्यावे लागते, तसेच हे आहे. मुलगा इतर घोड्यांवर बसतो, म्हणजे त्याचे धैर्य शाबूत आहे. फक्त या घोडीची चाहूल लागली की त्याच्या अंगाला ती पडझड आठवते. अंगाची आठवण दटावून पुसली जात नाही. त्याच घोडीबरोबरचे चांगले दिवस एकावर एक रचत गेले, तरच ती मागे पडते.

दुसरी गोष्ट, स्वाराची भीती घोड्याला कळते. २००९ साली स्वीडनमधील संशोधकांनी याची एक साधी परीक्षा घेतली. माणसांना घोडा घेऊन ठरलेल्या वाटेवरून अनेक फेऱ्या मारायला लावल्या. काही जण घोड्यावर बसून गेले, काही जण त्याला धरून चालत गेले. शेवटच्या फेरीआधी त्यांना सांगितले की या वेळी वाटेत एकदम छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या काळजाचे ठोके वाढले, आणि घोड्यांचेही वाढले! घोड्याला छत्रीची वार्ता कोण सांगणार? माणसाचे अंग ताठ झाले असेल, हात आवळला असेल, तेच त्याने ओळखले. आपला मुलगा थरथरत्या हाताने लगाम धरतो, तेव्हा घोडीला एवढेच कळते की जवळपास काहीतरी धोका आहे. मग ती कान टवकारते, ते पाहून पोरगा आणखी आवळतो. हे रहाटगाडगे कोठेतरी थांबवावे लागते.

आधी घोडीचे दुखणे पाहावे

पाठीवर माणूस घेताना घोडी अंग चोरत असेल, कान मागे पाडत असेल, शेपटी झटकत असेल, तर ती खोड समजण्याआधी दुखणे समजावे. पुढील गोष्टी तपासाव्यात.

पाठ : कण्याच्या दोन्ही बाजूंनी हाताने दाबत जावे. मानेच्या मुळाशी, पाठीच्या उंचवट्यावर खोगिराने किंवा ओझ्याने सोललेले असेल, तर ते भरेपर्यंत स्वारी व ओझे दोन्ही बंद. तंग बांधतो तेथेही घट्टे पाहावेत.

तोंड : घोड्याच्या दाढांना घासून धार येते. ती गालाला व जिभेला टोचते आणि लगाम ओढला की कळ जाते. डॉक्टर दाढा कानशीने घासून देतात.

खूर : साधारण सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाला खूर दाखवावेत. वाढलेल्या खुराचा घोडा अडखळतो.

डोळे : एका डोळ्यात फूल किंवा पाणी असेल तर त्या बाजूने घोडी बुजणारच.

वजन : स्वार, खोगीर आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त असू नये, असा ढोबळ नियम आहे. तट्टू २५० किलोचे असेल तर सारे मिळून ५० किलो. पंधरा वर्षांचा मुलगा आणि खोगीर एवढ्यातच तो हिशेब पुरा होतो. त्यावर पाण्याचे कॅन लटकवू नयेत.

खुराक : वाडा एका जागी थांबला, काम नाही, तरी तोबऱ्यातून हरभऱ्याची चंदी तेवढीच चालू, असे बऱ्याच घरी होते. अशा घोड्याच्या अंगात रग साठते. बसल्या दिवशी चंदी कमी करावी, चारा वाढवावा. घोडी साधारण २१ दिवसांनी माजावर येते, त्या दिवसांत ती चिडचिडी असू शकते. ते दिवस शिकवणीसाठी निवडू नयेत.

भोवऱ्यावर खापर नको

भोवरा म्हणजे केस ज्या ठिकाणी वळण घेतात ती जागा. माणसाच्या डोक्यावरही असतो. घोड्यांच्या बाजारात भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरते आणि चांगल्या जनावराचा भाव पडतो, हे आपण सारे पाहतो. पण ही घोडी इतकी वर्षे त्याच भोवऱ्यासह आपले बिऱ्हाड सुखरूप वाहत आली. भोवरा तोच होता, नवा होता तो फडफडणारा कागद. आजोबांचा मान राखून त्यांना हे शांतपणे सांगावे. घोडा जवळ आल्यावर पाय कसा टाकतो, कान कोठे फिरवतो, हे अशा जुन्या माणसांना आपल्यापेक्षा अधिक कळते. शिकवणीच्या वेळी त्यांना बाजेवर बसवून "घोडी काय म्हणते ते सांगा" म्हणावे. त्यांची दृष्टी कामी येईल.

घोडा का बुजतो?

बैलाला शिंगे आहेत. घोड्याचे पहिले शस्त्र म्हणजे पळणे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. मात्र अगदी पाठीमागचे आणि कपाळासमोरचे अगदी जवळचे दिसत नाही. उन्हातून सावलीत गेल्यावर त्याची नजर माणसापेक्षा सावकाश बसते. आता तो पूल डोळ्यांपुढे आणावा. खाली काळोखी मोरी, वर पांढरे ऊन, आणि बाजूने एकदम हलणारी, आवाज करणारी वस्तू. घोडीने उडी मारली ती मुलाला पाडण्यासाठी नव्हे, स्वतःचा जीव वाचवण्यासाठी.

पण सवयीने हेच जनावर किती निर्धास्त होते, हे आपण वारीत पाहतो. माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. सातारा जिल्ह्यात तरडगावजवळ चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. टाळ-मृदंगाचा गजर, हजारो पताका आणि दोन्ही बाजूंना माणसांच्या भिंती, यांच्या मधून ते अश्व दौडत जातात. माळावरचे नवखे तट्टू तेथे नेले तर दोर तोडून पळेल. जात तीच, फरक सवयीचा.

जमिनीवरून सुरुवात

खोंड शिकवताना आपण त्याला पहिल्याच दिवशी भरल्या गाडीला जुंपत नाही. पोक्त बैलाशेजारी मोकळा चालवतो. येथेही तेच.

पहिला आठवडा स्वारी नाही. मुलाने रोज सकाळी घोडीला खरारा करावा, तोबरा त्याच्याच हाताने बांधावा. जाताना डाव्या खांद्याच्या बाजूने, तिच्याशी बोलत जावे, मागून जाऊ नये. दोर हाताला कधीही गुंडाळू नये. घड्या करून मुठीत धरावा. चाल, थांब, दोन पावले मागे, एवढेच शिकवावे. जमिनीवर जी घोडी मुलाच्या शब्दाने थांबते, ती खोगिराखालीही थांबण्याचा संभव जास्त.

दुसऱ्या आठवड्यात प्लॅस्टिकचा कागद आणावा. तो वीस-पंचवीस पावलांवर काटेरी कुंपणाला बांधावा आणि घोडीला अलीकडे चारावे. तिने मान खाली घातली, ओठ चाटले, मागचा एक पाय सैल सोडला, म्हणजे ती निवांत झाली. मग दुसऱ्या दिवशी कागद दोन-चार पावले जवळ. मान वर करून श्वास फुरफुरला तर तेथूनच मागे घ्यावे. ओढत नेऊ नये, चाबूक तर नकोच. कागदाजवळ मार बसला तर तिच्या मनात कागद आणि मार कायमचे जोडले जातील. हे काम मुलानेच करावे, कारण घोडीची भीती उतरताना तो स्वतः पाहतो, तेव्हा त्याचीही उतरते.

पुन्हा खोगिरावर

तिसऱ्या आठवड्यात, कुंपण घातलेल्या मऊ रानात, वडिलांनी घोडी धरावी. पहिल्या दिवशी रिकिबीत पाय देऊन उभे राहायचे आणि उतरायचे. दुसऱ्या दिवशी बसायचे आणि उतरायचे. मग पाच मिनिटे पावलाने चाल. बरे चालले असतानाच थांबावे. "आणखी एक फेरी" या मोहात काम बिघडते.

वर बसल्यावर नजर घोडीच्या कानांवर खिळवू नये, जिकडे जायचे तिकडे ठेवावी. टाचा खाली, हात सैल. भ्यालेला माणूस श्वास कोंडतो, म्हणून मुलाला एखादे गाणे किंवा ओवी गुणगुणायला सांगावे. गाताना श्वास कोंडता येत नाही. पावलाची चाल दोघांच्या अंगात मुरल्यावरच दुडकी धरावी. चौखूर उधळण्याची घाई नको.

तो पूल सर्वांत शेवटी. आधी शेजारच्या शांत घोड्याच्या मागून हाताने धरून न्यावी, मग त्याच घोड्याच्या सोबतीने बसून, आणि मग एकट्याने. यास महिना लागो की दोन, हंगाम निघण्यापूर्वी झालेच पाहिजे असा हट्ट धरू नये.

घोडी उधळलीच तर दोन्ही हातांनी लगाम ओढून धरल्याने ती आणखी जोर करते. एका बाजूचा लगाम हळूहळू घेऊन तिची मान वळवावी आणि मोठ्या गोलातून लहान गोलात फिरवीत आणावी. हे आधी पावलाच्या चालीत घोटून ठेवावे.

आणि सुरक्षितता. घोडेस्वारीचे हेल्मेट मागवावे, ते येईपर्यंत उघड्या डोक्याने बसू नये. रिकिबीत पायाचा फक्त पुढचा भाग घालावा. टाच असलेला बूट असावा, चप्पल रिकिबीत अडकते. पडताना पाय अडकला तर माणूस फरफटतो. बांधून बसवण्याचा विचार म्हणूनच मनातून काढून टाकावा, त्यात जीव जाईल. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. जखम माणसाची असो वा घोड्याची, डॉक्टरांना विचारून धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी.

वडिलांसाठी दोन शब्द

दादा, आपण कळवळ्यानेच बोलत असाल. पोराने घरचे काम सोडू नये ही आपली काळजी. पण चारचौघांत "भित्रा" म्हटल्याने मुलाला घोडीच्या भीतीबरोबर आपलीही भीती वाटू लागते. मग तो घोडीपासून नव्हे, वाड्यापासूनच दूर जातो. "आज कोठपर्यंत जायचे ते तू सांग" एवढे वाक्य आपण म्हणावे. थांबण्याचा अधिकार हातात असला की माणूस पुढे जायला धजतो.

आणि नाहीच जमले तर?

दुखणे काढले, सवय लावली, तरीही घोडी उभी राहून माणूस पाडते, चावते, लाथा झाडते, असे असेल तर तिच्यावर मुलाने बसू नये. त्यात कमीपणा नाही. ती ओझ्याला चांगली असेल तर ओझ्यालाच ठेवावी आणि मुलाने दुसऱ्या घोड्यावर जावे. वाड्याचे काम त्याने अडत नाही.

विकायचीच ठरली तर घेणाऱ्याला तिची खोड स्पष्ट सांगावी. दोन पैसे कमी येतील. पण ती ज्या घरी जाईल तेथेही तिच्यावर बसणारे कोणाचे तरी पोर असेल.