सहा बैठकांचा उपचार

“अंगात त्राण नाही, झोप लागत नाही, छातीत धडधडतं.” प्राथमिक आरोग्य केंद्रात ही तक्रार आली की बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या ठरलेल्या. फारच आग्रह झाला तर ‘ताकदीचं’ इंजेक्शन. रक्तदाब मोजला जातो, हिमोग्लोबिन तपासलं जातं. मन कशात लागतं का, हे विचारायला बाहेरची रांग सवड देत नाही.

अशा तक्रारींमागे असू शकणाऱ्या नैराश्यावरचं संशोधन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे मेंदूचे रंगीत स्कॅन आणि नवी रसायनं येतात. त्यांची गरज आहेच. पण आपल्या शेजारी गोव्यात झालेल्या एका चाचणीने वेगळाच प्रश्न हाती घेतला होता: रुग्णासमोर बसायचं कुणी? डॉ. विक्रम पटेल आणि ‘संगाथ’ संस्थेच्या सहकाऱ्यांनी १० आरोग्य केंद्रांतल्या, तीव्र नैराश्य असलेल्या सुमारे ५०० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला नेहमीचे उपचार मिळाले. दुसऱ्याला त्याखेरीज सहा ते आठ बैठका. त्या घेणारे ना मानसोपचारतज्ज्ञ होते, ना मानसशास्त्राचे पदवीधर. काही आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेली स्थानिक माणसं होती ती. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली निकाल छापून आला. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेले रुग्ण बैठकांच्या गटात ६४ टक्के, दुसऱ्या गटात ३९.

या बैठकांत उपदेश नसतो. ‘सकारात्मक विचार करा’ हे तर मुळीच नाही. ते सांगायला नातेवाईक आणि व्हॉट्सअ‍ॅप पुरेसे आहेत. समजा, एखादी बाई देवळात जायची थांबली, शेजारणीकडे बसेनाशी झाली, दुपारभर अंथरुणात असते. मन बरं झालं की उठेन, असं ती म्हणते. समुपदेशक क्रम उलटा करतो. उद्या चार वाजता शेजारणीकडे जायचं, तेवढंच. ते कागदावर उतरवायचं आणि पुढच्या बैठकीत विचारायचं: गेलात का? जाऊन कसं वाटलं? नाही जमलं, तर कुठे अडलं?

यावर ‘अर्धवट शिकलेल्यांच्या हाती मन सोपवायचं का?’ हा आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. पण या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत, सहकारी आणि तज्ज्ञ त्या ऐकून गुण देत. आपल्याकडे किती पदवीधरांचं काम असं ऐकलं जातं? शिवाय बैठका घेऊनही तिसऱ्या हिश्शाहून जास्त रुग्ण तीन महिन्यांत बरे झाले नव्हते. त्यांच्यासाठी तज्ज्ञ लागणारच. उरलेल्यांचा भार हलका झाला, तर त्या तज्ज्ञाला या बऱ्या न झालेल्यांसाठी वेळ मिळेल.

२०१७ च्याच मानसिक आरोग्यसेवा कायद्याने सरकारी सेवेतून मनाचे उपचार मिळण्याचा हक्क दिला आहे. आता तो राबवताना बैठकांचं हे काम आशाताईंच्या गळ्यात आणखी एक रजिस्टर म्हणून अडकवण्याचा मोह होईल. गोव्यातली माणसं या कामासाठीच नेमलेली होती, त्यांच्यावर देखरेख होती. आरोग्य केंद्रामागे एक पगारी समुपदेशक, दार लागेल अशी एक खोली आणि महिन्यातून काही बैठका ऐकणारा तज्ज्ञ, एवढी मागणी आहे. आरोग्य खात्याने ती कोणत्या लेखाशीर्षाखाली बसवायची, ते सांगावं.