जहाजाचं नाव सांगा, हिमनदीचं नाव सांगा

जानेवारी लागला की जळगाव-धुळ्यातल्या हॉटेलांच्या एसी हॉलमध्ये अलास्का क्रूझची फिल्म दाखवली जाते. पडद्यावर निळा बर्फ कोसळतो, देवमासा शेपूट आपटतो आणि पाठोपाठ मजल्यावर मजले चढवलेलं पांढरं जहाज येतं. मेमध्ये पंचेचाळीस अंशांत भाजून निघणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? दिवे लागतात, प्रश्न सुरू होतात. खावाले काय शे? जैन जेवण वेगळं मिळेल ना? वायफाय फुकट आहे का? बाल्कनीचे किती जास्त? जहाज सुटतं कुठून, कोणत्या हिमनदीपाशी जातं, तिथे किती तास थांबतं, हे एकही जण विचारत नाही. विकणाऱ्याला हेच हवं असतं. रावेर-यावलचा केळी उत्पादक जी-नाईनची रोपं घेताना प्रयोगशाळा कोणती, रोपाचं वय किती, मर निघाली तर बदलून कोण देणार, हे सगळं विचारून घेतो. तोच माणूस अलास्कासाठी लाखांचा चेक फाडतो तेव्हा त्याला जहाजाचं नावही माहीत नसतं.

माझ्या थोरल्या भावाचं नेमकं हेच झालं. निवृत्तीच्या पैशातून त्याने आणि वहिनीने ही सहल घेतली. पत्रकावर फोटो ग्लेशियर बेचा होता, आत मजकूर होता फक्त ‘हिमनदी दर्शन’. जहाजाचं नाव पैसे पूर्ण भरल्यावर कळलं. जहाज सिएटलहून सुटलं आणि पहिली रात्र उलटायच्या आत वहिनी उलट्यांनी आडवी झाली. ग्लेशियर बे कार्यक्रमात नव्हतीच. त्याऐवजी एंडिकॉट आर्म नावाची अरुंद खाडी होती. तिथे धुकं आणि तरंगते हिमखंड, म्हणून जहाज अर्ध्यातून वळलं. परत आल्यावर एजंटाने हात वर केले, निसर्गापुढे कोणाचं चालतं म्हणाला. निसर्गाचं नाव घेऊन त्याने स्वतःचं पाप झाकलं.

कारण यातलं बरंचसं आधीच ठाऊक असतं. सिएटलहून निघणारी बरीच मोठी जहाजं व्हँकुव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे उघड्या प्रशांत महासागरातून वर जातात. तिथे लाटा लागणारच. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून निघणारी जहाजं बेटांच्या आडून, इनसाइड पॅसेजच्या शांत पाण्यातून जातात. दोन्ही काठांवर जंगल दिसत राहतं. ज्याला बोट लागते त्याच्यासाठी सगळा निवाडा इथेच होतो, पण सिएटलचं पॅकेज स्वस्तात बसतं म्हणून तेच गळ्यात मारलं जातं.

त्यात कायद्याची एक मेख आहे. अमेरिकेच्या 1886 च्या कायद्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला नुसत्या अमेरिकी बंदरांत प्रवाशांची ने-आण करता येत नाही, आणि ही बडी जहाजं बहामा, पनामा, बर्म्युडा असल्या झेंड्यांची. म्हणून सिएटलहून सिएटलला येणारं जहाज कॅनडातल्या व्हिक्टोरियाला संध्याकाळी उशिरा टेकवतात. पत्रकात तो ‘एक आकर्षक थांबा’ होतो. प्रत्यक्षात अंधारात दोन-चार तास मिळतात, आणि त्या तासांसाठी भारतीय पासपोर्टवाल्याला अमेरिकेच्या जोडीला कॅनडाचाही व्हिसा काढावा लागतो. त्याची फी आणि धावपळ एजंट शेवटी सांगतो.

आता ग्लेशियर बे. 1750 च्या सुमारास ही अख्खी खाडी बर्फाखाली होती. पुढे हिमनदी शंभर किलोमीटरहून अधिक मागे सरकली आणि मागे उरलेल्या उघड्या खडकावर आधी शेवाळ, मग झुडपं, मग जंगल उभं राहिलं. जहाज आत जाताना हा सगळा इतिहास उलट्या क्रमाने डोळ्यांसमोरून सरकतो. इथल्या राष्ट्रीय उद्यानाचे रेंजर जहाजावर चढून तो समजावून सांगतात. इथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. बहुतेक परवाने हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस या दोन कंपन्यांकडे आहेत. म्हणजे तुमचं जहाज तिथे जाणार की नाही, हे बुकिंगच्या दिवशीच कळू शकतं. आणि बाल्कनीसाठी जास्तीचे पैसे उकळणाऱ्याला विचारा, हिमनदीसमोर जहाज जागच्या जागी फिरवतात ना? दोन्ही बाजूंना सारखंच दिसतं. वरचा पुढचा डेक सगळ्यांना मोकळा असतो. स्वेटर घाला आणि तिथे उभे राहा.

जहाजाच्या आकाराबद्दल माझं मत कडक आहे. अलास्कासाठी म्हणून 2018 मध्ये आणलेल्या ‘नॉर्वेजियन ब्लिस’वर चार हजार प्रवासी मावतात आणि वर गो-कार्टची दुमजली धावपट्टी आहे. अस्वल, गरुड आणि हिमनदी पाहायला निघालेल्या माणसाला ही धावपट्टी विकणं हा निलाजरेपणा आहे, आणि तिच्यासाठी पैसे मोजणं हा आपला अडाणीपणा. अशी अनेक जहाजं एका दिवशी अलास्कातल्या जुनोला लागली की जेमतेम बत्तीस हजार वस्तीच्या त्या गावाचं काय होत असेल? तिथल्या लोकांनी आवाज उठवला, म्हणून 2024 पासून दिवसाला पाचच मोठी जहाजं, असं ठरलं. नॉर्वेने तर स्वालबार्डच्या संरक्षित भागात 1 जानेवारी 2025 पासून दोनशेहून जास्त प्रवाशांच्या जहाजाला मज्जावच केला. ज्यांचं रान आहे ते गर्दीला नको म्हणतात, आणि आपल्याकडे ‘सर्वांत मोठं जहाज’ ही जाहिरात होते.

साठ-सत्तर प्रवाशांची छोटी जहाजं आहेत. ती मोठ्या जहाजांना न शिरता येणाऱ्या खाड्यांत नांगर टाकतात, रबरी होडीतून माणसं किनाऱ्यावर उतरवतात, कयाक देतात. पैसे दुप्पट-तिप्पट लागतात. हाडं धड असतील आणि ऐपत असेल तर हेच घ्या, हवं तर दोन वर्षं थांबून घ्या. सत्तरीच्या गुडघेदुखीवाल्यांना मी हे सांगणार नाही. त्यांना लिफ्ट हवी, डॉक्टर हवा. त्यांनी दोन हजार प्रवाशांच्या आतबाहेरचं, व्हँकुव्हरहून निघणारं, ग्लेशियर बेचा परवाना असलेलं जहाज घ्यावं. माझ्या वहिनीला तेच हवं होतं, आणि ते बाजारात होतं.

तरुणांना तर एजंटाची पायरी चढायचीही गरज नाही. अलास्का सरकारची फेरीसेवा 1963 पासून चालू आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून केचिकनमार्गे ती वर जाते. गावकरी तिच्यात गाड्या, सामान, कुत्री घेऊन चढतात, आणि उघड्या डेकवर तंबू ठोकून झोपायला परवानगी आहे. आपल्या हॉलमधल्या पडद्यावर ही बोट दिसत नाही, कारण तिच्यात कोणाला कमिशन नाही.

येत्या जानेवारीत त्या हॉलमध्ये जाल तेव्हा चहा-समोसा घ्यायच्या आधी कागद पुढे करा. जहाजाचं नाव, सुटण्याचं बंदर, हिमनदीचं नाव, तिच्यासमोरचे तास आणि ती रद्द झाली तर परत किती रक्कम मिळणार, एवढं सही-शिक्क्यानिशी लिहून मागा. ‘नंतर कळवतो’ म्हणाला, तर चेकबुक खिशात घाला आणि शेजारच्यालाही उठवून बाहेर न्या.